बाळगोळी, मिश्री आणि ठरावाच्या वहीतली दोन पानं

आम्ही ठाण्याच्या वर्तकनगरातून बोलतोय. आमच्या बचतगटात चौदा जणी आहोत. निम्म्या सातारा-सांगलीकडच्या, चौघी रत्नागिरीच्या, एक जुन्नरची, बाकीच्या इथल्याच. म्हाडाच्या जुन्या इमारती आणि त्यांच्या मागच्या चाळी, तिथं आमची घरं. सासरे, वडील पोखरण रोडच्या कंपन्यांत कामाला लागले म्हणून आमची कुटुंबं इथं आली, पण गाव काही सुटलेलं नाही. अजून गावाहून एसटीनं तांदूळ येतो, कुळीथ येतात आणि मिश्रीसाठी तंबाखूही येते. तिचं पुढे सांगतोच.

आज बोलायचंय नशेबद्दल. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय, दारुड्या नवऱ्याचं गाऱ्हाणं तर प्रत्येक गटात असतं. असतंच. पण आज आम्ही दुसरी बाजू काढणार आहोत, आणि तिची सुरुवात आमच्याच चुकीपासून होते.

सहा वर्षांपूर्वीची आमची ठरावाची वही आहे. तिच्या एका पानावर लिहिलंय, की एका सभासद ताईच्या नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं आहे, त्यासाठी आठ हजार रुपये अंतर्गत कर्ज द्यावं, पहिले तीन महिने व्याज माफ. खाली सगळ्यांच्या सह्या. कुणी हरकत घेतली नाही. उलट दोघीजणी त्याला पोचवायला ताईबरोबर गेल्या. त्याच वहीत चार पानं पुढे दुसरा ठराव आहे. आमच्यातली सगळ्यात थोरली, जिला सगळ्या अक्का म्हणायच्या, ती सभेला दारूचा वास घेऊन आली, त्यानं गटाची बदनामी होते, सबब सभासदत्व रद्द. खाली पुन्हा सगळ्यांच्या सह्या, आणि हरकत पुन्हा कुणाचीच नाही.

अक्का लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला जायच्या. रात्री एक-दीडला परत. अंग मोडून यायचं. नवऱ्यानंच पहिल्यांदा पेला पुढे केला होता, घे, झोप लागेल म्हणून. पुढे नवरा गेला, पेला राहिला. हे आम्हाला फार नंतर कळलं, कारण आधी आम्ही विचारलंच नव्हतं. ताईच्या नवऱ्याच्या दारूला आम्ही आजार म्हटलं आणि कर्ज दिलं. अक्कांच्या दारूला बदनामी म्हटलं आणि त्यांना घरी पाठवलं. मागच्या वर्षी हिशेब तपासणीसाठी जुन्या वह्या बाहेर निघाल्या, तेव्हा ही दोन पानं एकापाठोपाठ वाचली गेली. वाचणारीचा आवाज मध्येच थांबला.

आमच्यातल्या एकीनं इतिहास घेऊन बी.ए. केलंय. तिनं प्रश्न काढला, हे आपणच असं केलं, की आधीपासून असंच चालत आलंय? मग जिथं मिळेल तिथं वाचलं, म्हाताऱ्या बायांना विचारलं. त्यातलं जे हाती लागलं ते सांगतोय.

पहिली गोष्ट आमच्या जिल्ह्याचीच. जुना ठाणे जिल्हा फार मोठा होता. पालघर, डहाणू, जव्हारकडचा मुलूख त्यातच होता, पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. त्या सगळ्या पट्ट्यात मोह आणि ताड. मोहाची फुलं पहाटे उठून वेचायची, वाळवायची, साठवायची, यात बायांचे हात असायचेच. पाड्यावर दारू निघायची, ताडी उतरायची, आणि सणाला, लग्नाला, देवाच्या कामाला बाया नि पुरुष दोघंही घ्यायचे, चारचौघांत. ते चांगलं होतं असं आमचं म्हणणं नाही. एवढंच, की त्यात चोरून काही नव्हतं. बाईनं घेतली म्हणून तिला वेगळं नाव पडत नव्हतं.

इंग्रज सरकारला त्यातून पैसा हवा होता. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. घरी, पाड्यावर गाळायची दारू गुन्हा झाली. दारू सरकारच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत निघायची. उरण त्यासाठी नाव घेण्यासारखं ठिकाण होतं. तिथून ती ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून गुत्त्यावर. ताडीच्या झाडांवर कर बसला. तेवढ्यानं भागेना म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा झाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. फुलं जवळ ठेवण्यावर, विकण्यावर बंधनं आली. बाईनं वेचलेलं फूल तिच्याच घरात संशयाचं झालं.

आता हे आमचं मत आहे, पटलं तर घ्या. दारू पाड्यावर होती तेव्हा ती धान्यासारखी घरातली वस्तू होती. ती गुत्त्यावर गेली तेव्हा तिला रोख पैसा लागायला लागला, आणि रोकड असते पुरुषाच्या हातात. पुरुष गुत्त्यावर गेला, चार सोबती मिळाले, उधारी झाली, कर्ज झालं. बाई दारात वाट बघत बसली. दारुडा नवरा आणि रडणारी बायको हे चित्र आपल्याला जगाच्या आरंभापासूनचं वाटतं. आमच्या जिल्ह्यात तरी ते अबकारीच्या खात्यानं बरंचसं ठळक केलं.

१९२२ च्या सुमारास याच किनाऱ्यावर, पालघरच्या बाजूच्या कोळीवाड्यांत, एक देवी अंगात येऊ लागली. बायांच्या अंगात येई, पुरुषांच्याही येई. मांडव पडायचा, माणसं भोवती बसायची, आणि अंगात आलेलं माणूस देवीच्या नावानं हुकूम द्यायचं. दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, गुत्तेवाल्याकडे पाऊल टाकू नका. किनाऱ्यावरून हे लोण डोंगरात गेलं, तिथून गुजरातच्या सुरत जिल्ह्यात हजारो आदिवासींपर्यंत पोचलं. डेव्हिड हार्डिमन नावाच्या इतिहासकारानं त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, १९८७ साली आलेलं. आम्हाला त्यातलं विशेष काय वाटलं? देवी नवऱ्यांना एक आणि बायकांना एक असं सांगत नव्हती. सगळ्यांनी सोडा म्हणत होती. पुढे दारूविरुद्ध खूप चळवळी झाल्या, पण बाईच्या हातातला पेला मोजणारी आम्हाला क्वचितच दिसली.

आणि बघा, त्याच १९२२ साली, या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत, मुंबईच्या गिरणगावात काय चाललं होतं.

गिरणीत तेव्हा साधारण पाच कामगारांत एक बाई असायची. सूत गुंडाळायच्या खात्यांत, म्हणजे वाइंडिंग-रीलिंगला. दिवसाचे दहा-दहा तास उभं राहायचं. बऱ्याचजणी बाळंतपणाच्या अगदी आदल्या दिवसांपर्यंत कामाला जायच्या आणि लवकरच परत यायच्या, नाहीतर जागा जायची. तान्हं बाळ ठेवायचं कुठं? खोलीत म्हातारी असली तर ठीक. नसली तर शेजारीण, नाहीतर चार-पाच वर्षांची थोरली बहीण. मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाई नेमल्या होत्या. त्यांची माहिती सरकारच्या 'लेबर गॅझेट' मासिकात सप्टेंबर १९२२ मध्ये छापून आली. त्यात एक आकडा आहे. कारखान्यात काम करणाऱ्या बायांच्या शंभर तान्ह्या बाळांपैकी अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती.

शंभरात अठ्ठ्याण्णव. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला छपाईची चूक वाटली.

तिला बाळगोळी म्हणत. मसाल्याच्या जिनसांत अफू घालून केलेली बारीक गोळी. आपल्या बाळगुटीशी घोटाळा करू नका. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग उगाळून आपण देतो ती गुटी वेगळी. बाळगोळी दिली की बाळ दिवसभर निपचित पडायचं. रडायचं नाही, दूध मागायचं नाही. अफूनं भूक मरते आणि पोट बांधलं जातं, त्यामुळे बाळ सुकत जायचं. गोळी चुकली की किरकिर, थरथर, आणि आईला वाटायचं, गोळी दिली नाही म्हणून त्रास होतोय. खरं म्हणजे बाळाला सवय लागलेली असायची. कधी गोळी मोठी पडली तर बाळ उठायचंच नाही.

त्या वेळी बोललं काय गेलं? आया अडाणी आहेत. पण अफू विकायचे परवाने सरकारच देत होतं आणि त्याचं उत्पन्न सरकारच्याच तिजोरीत जात होतं. गोळी आडरस्त्यावर मिळत नव्हती. पाळणाघर बहुतेक गिरण्यांत नव्हतंच. दहा तास मशीनपुढे उभ्या असलेल्या बाईनं बाळाचं करायचं तरी काय होतं? नशेच्या इतिहासात अफूचं म्हटलं की हुक्का ओढत लोडाला टेकलेला पुरुष दाखवतात. एक नख बाळगोळी हातावर चुरणारी आई त्यात कुणी धरत नाही, कारण तिनं स्वतः काही घेतलेलं नसतं. आणि तिला ती नशा वाटतच नव्हती, औषध वाटत होतं. बायांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा दिसतं. पुरुषाची नशा नशा या नावानंच येते. बाईची येते ती औषध म्हणून, नाहीतर दंतमंजन म्हणून.

१९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला, देशातला असा पहिलाच. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायचं नाही, असं त्यात आलं. चार आठवडे काही फार नव्हते. पण आईला घरी बसू द्या आणि तिला पैसे द्या, मग गोळीची गरज कमी होईल, हा विचार तरी कागदावर आला. पुढे मात्र गिरण्यांनी बायाच घेणं कमी केलं, ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.

हे जुनं झालं म्हणता? आमच्याच गटात विचारलं तेव्हा दोघींनी सांगितलं की सासूबाई जायफळ जरा जास्तच उगाळायच्या, 'झोपेल गं, तुझी भांडी होऊ देत.' आणि एकीनं, खाली मान घालून, सर्दीच्या सिरपचं सांगितलं. ती घरी बसून कंपनीचे नग पॅक करायची, नगावर पैसे मिळायचे, आणि पोर झोपल्याशिवाय हात चालत नव्हते. तिला आम्ही काही बोललो नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं औषध बाळाला देऊ नये, एवढं मात्र इथं सांगून ठेवतो.

आता मिश्री. कुणी मशेरी म्हणतं, कुणी मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. तुम्हाला आम्ही काय सांगावं, निम्म्या जणींच्या कमरेला आत्ता डबी असेल.

पुरुष तंबाखू खातो ती पारावर बसून. चुना मळतो, चिमूट दुसऱ्याला देतो, त्यात ओळख होते, दोस्ती होते, कामाचं बोलणं होतं. विडीचंही तसंच. बाईनं विडी ओढलेली आपल्याकडे बहुतेक घरांत चालत नाही. मग तीच तंबाखू तिच्यापर्यंत दुसऱ्या वाटेनं येते. मागच्या दारी, चुलीपुढं, पाट्याजवळ. दाढ दुखते म्हणून. पहिल्या खेपेला मळमळतं म्हणून. शेतात दुपारपर्यंत भूक लागू नये म्हणून. देणारी कोण? आई, सासू, जाऊ. एक रत्नागिरीची सांगत होती, सासरी आल्यावर सासूनं मायेनं दिलेली पहिली वस्तू म्हणजे मिश्रीची डबी. त्या दोघी पहाटे उंबऱ्यावर बसून मिश्री लावायच्या, आणि दिवसातून तेवढाच वेळ सासू तिच्याशी नीट बोलायची. आता सांगा, ती डबी कशी सोडणार?

साठीच्या दशकाच्या अखेरीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागानं पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत लाखभर माणसांची तोंडं तपासली. त्यात शंभर बायांमागे चाळिसाच्या आसपास मिश्री लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत मिश्री जवळजवळ नव्हतीच, ते इतर तऱ्हेनं तंबाखू घेत होते. सत्तरच्या दशकात मुंबईत बाळंतिणींचा अभ्यास झाला, त्यात तंबाखू चघळणाऱ्या आयांची बाळं जन्मताना शंभर-दोनशे ग्रॅमनं हलकी भरली. आधीच दोन-सव्वादोन किलोचं बाळ असेल तर शंभर ग्रॅमही फार. तोंडाच्या कर्करोगाचं तर तुम्हाला ठाऊक आहे.

आम्ही आमच्या सभेत एक गंमत केली. आधी विचारलं, व्यसन कुणाला आहे? एकही हात वर नाही. मग विचारलं, मिश्री कोण लावतं? नऊ हात. चौदांत नऊ! त्यात आमची खजिनदारही होती, जिनं अक्कांविरुद्धचा ठराव मांडला होता. ती म्हणाली, 'अगं, मिश्री म्हणजे काय दारू आहे का?' कुणी उत्तर दिलं नाही. तिनंच थोड्या वेळानं डबी पदराखाली सारली.

दारूबंदीचा काळ आम्ही भरभर सांगतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० पासून सगळीकडे बंदी झाली. ज्याच्याकडे पैसा आणि डॉक्टरची चिठ्ठी, त्याला तब्येतीसाठी म्हणून परवाना. बाकीच्यांना हातभट्टी. मुंबईत घरात दारू विकणाऱ्या बायांना 'आंटी' म्हणायचे, सिनेमांतही त्या आल्या. पिणारे पुरुष, विकणारी बाई. धाड पडली की पिणारा मागच्या दारानं पळून जाऊ शकतो. विकणारी स्वतःच्या घरातून कुठं पळणार? म्हणजे कायद्याच्या कागदावर बाई आली ती अशी, आरोपी म्हणून. ती स्वतः पीत होती का, कशासाठी पीत होती, हे त्यात कुठं येणार?

मग १९८० नंतर मुंबईत ब्राऊन शुगर आली, म्हणजे गर्द. चांगल्या घरांतली, कॉलेजातली पोरं त्यात गेली. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. त्या वेळी अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, आणि ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हलून गेले. त्यांनी पैसा दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, 'मुक्तांगण' सुरू झालं. बऱ्याच जणांना त्यात अनिल अवचटांचंच नाव माहीत असतं. पण ते उभं केलं आणि रोज चालवलं डॉ. अनिता अवचटांनी. त्या त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणसाला मारून, कोंडून, लाज काढून तो बरा होत नाही, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. ताईच्या नवऱ्याला कर्ज देताना आम्ही आजार हा शब्द लिहिला, तो शब्द आमच्या वहीपर्यंत पोचला तो अशा माणसांमुळे. अनिताताई १९९७ साली कर्करोगानं गेल्या. पुढे त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं.

मुक्तांगणात येणारे रुग्ण पुरुष होते. त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट झाला. ही फार मोठी गोष्ट होती, नवऱ्याच्या दारूनं बाईचं काय होतं हे तिला तिथं बोलता आलं. पण बघा, बाई त्या दारातून आत आली ती सहचरी म्हणून. स्वतः व्यसन असलेल्या बायांसाठी वेगळा विभाग, 'निशिगंध', निघाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. यात संस्थेचा दोष आम्ही काढत नाही, त्यांनी काढला हेच विशेष. बाया येतच नव्हत्या तर विभाग कुणासाठी काढायचा? आणि विभाग नव्हता तर बाया येणार कुठं?

बाया का येत नव्हत्या ते कळायला आम्हाला पुस्तक लागलं नाही. पुरुषाला कोण आणतं? बायको, आई, बहीण. मंगळसूत्र गहाण टाकून आणतात. तो आत असतो तेव्हा घर बायको चालवते, आणि तो परत येतो तेव्हा त्याला घर असतं. बाईला कोण आणणार? महिनाभर ती नाही तर भाकरी कुणी थापायची? पोरं कुणाकडे? शेजारी काय सांगायचं? पुरुष बरा होऊन आला तर 'सुधारला हो' म्हणतात. बाई बरी होऊन आली तर 'हीच का ती' म्हणतात. म्हणून ती लपवते, आणि लपवता लपवता आजार वाढतो. त्यात आपल्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, तेवढ्याच दारूनं बाईच्या रक्तात जास्त नशा चढते, आणि लिव्हरही लवकर जातं. म्हणजे घेते कमी, भोगते जास्त, आणि दवाखान्यात पोचते सगळ्यांत उशिरा.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' सुरू झालं, त्यांच्या सभा आता आपल्याकडेही होतात, ठाण्यातही होतात. त्यांचं मुख्य पुस्तक १९३९ चं. त्यात दारुड्यांच्या बायकांसाठी एक प्रकरण आहे, बायकोच बोलतेय अशा थाटात लिहिलेलं. ते लिहिलंय मात्र संस्थापक बिल विल्सन या नवऱ्यानं. त्यांच्या पत्नी लोइस यांना आपण लिहावं असं वाटत होतं, त्यांना लिहू दिलं नाही, आणि ते त्यांच्या मनाला लागलं. पुढे १९५१ साली लोइस यांनी मैत्रिणीबरोबर कुटुंबीयांसाठी वेगळी संघटना काढली, 'अल-अ‍ॅनॉन'. आम्ही हे सभेत सांगितलं तेव्हा खूप हसू आलं. आमच्याकडे पण गटाचं इतिवृत्त काही वर्षं एकीचा नवराच लिहायचा.

आपल्या राज्यातल्या बायांनी दारूविरुद्ध जे केलं ते मोठंच आहे. गडचिरोलीत लोकांच्या रेट्यानं १९९३ साली बंदी झाली. चंद्रपुरात बायांनी मोर्चे काढून २०१५ ला बंदी आणली, ती २०२१ ला उठली. गावात दारूचं दुकान नको असेल तर बायांनी मतदान करायचं, उभी बाटली की आडवी बाटली, आणि निम्म्याहून जास्त बायांची मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद, हा नियम तुमच्यापैकी कित्येकींनी वापरला असेल. पण त्या मतपत्रिकेवर शिक्का मारणाऱ्या बायांतच एखादी अक्का असते. ती कुठल्या बाटलीवर शिक्का मारते, आणि संध्याकाळी काय करते?

दोन आकडे सांगतो. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, ती २०१९ ला आली. दारू पिणारे पुरुष शंभरात सत्तावीसच्या वर, बाया दोनसुद्धा पुऱ्या नाहीत. आता तंबाखूचं बघा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू घेणारे पुरुष शंभरात पस्तीस, आणि बाया सतरा. दारूत सतरा पुरुषांमागे एक बाई, तंबाखूत दोघांमागे एक. बाई नशेपासून दूर आहे असं नाही. जी नशा डबीत मावते, चुलीपाशी लपते, दंतमंजन म्हणवून घेते, तिथं ती पुरुषाच्या बरीच जवळ आलेली आहे. आणि दारूच्या आकड्यात ज्या आल्या नाहीत त्यांत आमच्या अक्का असतील, कारण पाहणीवाला दारात आला असता तर त्या नाहीच म्हणाल्या असत्या. आम्ही पण म्हणालो असतो.

हा भाग ऐकून कुणाला विचारायचं असेल तर सरकारचा व्यसनमुक्तीचा फुकट फोन १४४४६ हा आहे. तंबाखू, मिश्री सोडायची असेल तर १८००-११-२३५६. नाव सांगावं लागत नाही. आमच्या खजिनदारबाईंनी दुसऱ्या नंबरावर फोन केला. मिश्री अजून सुटलेली नाही, सकाळची राहिलीय, दुपारची गेली.

ठरावाच्या वहीत आम्ही नवा ठराव घातला. व्यसन सोडण्यासाठी कर्ज सभासदाच्या घरच्या माणसाला मिळतं तसंच सभासदाला मिळेल, त्याच व्याजानं, आणि त्या काळात हप्ता चुकला तर दंड नाही. जुना ठराव खोडला नाही. वही खोडायची नसते. त्याच्यापुढे तारीख घालून 'रद्द' लिहिलं.

मग अक्कांचा पत्ता काढला. त्या आता कळव्याला लेकीकडे असतात. आम्ही तिघी गेलो. दार लेकीनं उघडलं आणि ती दारातच उभी राहिली. आतून अक्का म्हणाल्या, 'येऊ दे, पाणी तरी घेतील.' केस पांढरे झालेत, हात थोडा थरथरतो. आम्ही काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यांनीच आधी काढलं, 'माझे पैसे राहिलेत तुमच्याकडे.' राहिलेच होते. नाव काढलं त्या दिवशी त्या बचत न घेताच निघून गेल्या होत्या, आणि आम्हीही नेऊन दिली नव्हती. व्याज धरून तेवीसशे चाळीस रुपये झाले होते, ते आम्ही पाकिटात घालून नेले होते. त्यांनी चष्मा मागवला, दोनदा मोजले. शंभराची एक नोट फाटकी निघाली, ती परत आमच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, ही बदलून आणा.

ती नोट आमच्या पेटीत वेगळी ठेवलीय. गणपती झाले की पुन्हा कळव्याला जायचंय.